सान मारिनो : एका पाथरवटाचे राष्ट्र



चालकांचे पत्र आले तेव्हा आम्ही ‘कंत्राटी कामगार आणि किमान वेतन’ असा विषय कळविला होता. त्यांचे उलट उत्तर आले की, ते तर तुम्ही कारखान्याच्या फाटकावर रोज बोलताच. या वसंतात काही निराळे सांगा. आमचे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, आणि तेही पाळी सुटल्यावर. त्यात नकाशे पाहण्याचा नाद आम्हाला फार दिवसांचा. इटलीच्या नकाशात, पूर्व किनाऱ्याजवळ, एक छोटेसे निराळ्या रंगाचे ठिपकेवजा राष्ट्र दाखविलेले असते. त्याचे नाव सान मारिनो. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे. आणि कामगारांचा विषय चालकांनी दारातून बाहेर काढला असला तरी तो खिडकीतून आत येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम आकार. सान मारिनोचे क्षेत्रफळ सुमारे ६१ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जी जुनी मुंबई, ती याहून थोडी मोठीच भरेल. लोकवस्ती सुमारे ३४,०००. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. चारी बाजूंना इटली. समुद्र नाही, विमानतळ म्हणावा असा नाही, आज आगगाडीही नाही. मध्यभागी तितानो नावाचा डोंगर, उंची ७३९ मीटर, एका अंगाने सरळ तुटलेला कडा. कड्याच्या तीन टोकांवर तीन बुरूज : ग्वाइता, चेस्ता आणि मोन्ताले. हेच तीन बुरूज त्यांच्या झेंड्यावर आणि नाण्यांवर दिसतात. वरून पूर्वेला पाहिले की वीस-पंचवीस किलोमीटरवर रिमिनी शहर आणि आड्रिआटिक समुद्र दिसतो. देशाचे नऊ भाग आहेत, त्यांना तेथे ‘कास्तेल्लो’ म्हणजे गढी म्हणतात. राजधानी डोंगरमाथ्यावर, तिच्या पायथ्याशी बोर्गो माज्जोरे हे जुने बाजाराचे गाव, आणि दोहोंच्या मध्ये १९५९ पासून दोरवाटेचे पाळणे चालतात. वस्तीने सर्वांत मोठे मात्र खाली सपाटीवरचे सेर्राव्हाल्ले. कारखाने आणि नवी वस्ती तिकडे, इतिहास आणि प्रवासी वर, अशी आता वाटणी झाली आहे.

या राष्ट्राची जन्मकथा सांगतात ती अशी. आड्रिआटिकच्या पलीकडे, दाल्मातियाच्या किनाऱ्याजवळील आर्बे बेटावरचा मारिनो नावाचा एक पाथरवट रिमिनीच्या तटबंदीच्या कामावर आला. तो ख्रिस्ती होता, आणि तो काळ ख्रिस्त्यांच्या छळाचा. तो डोंगरावर जाऊन राहिला, त्याच्याभोवती माणसे जमली, डोंगराची मालकीण असलेल्या एका श्रीमंत बाईच्या मुलाला त्याने बरे केले आणि तिने डोंगर त्याला देऊन टाकला. हे सन ३०१ मध्ये घडले असे तेथील लोक मानतात आणि दर ३ सप्टेंबरला उत्सव करतात. कथा ती कथा. कागदाचा पुरावा त्यानंतर फार उशिरा, नवव्या शतकात लागतो. सन ८८५ च्या एका निवाड्यात डोंगरावरील मठाने शेजारच्या बिशपाविरुद्ध आपल्या जमिनी राखल्या, असे नमूद आहे. पण जगात बहुतेक राष्ट्रे आपले मूळ कोणा राजात, सेनापतीत किंवा सूर्यवंशात शोधतात. परगावाहून मजुरीला आलेल्या एका पाथरवटाला आपला मूळपुरुष मानणारे राष्ट्र आम्हाला दुसरे माहीत नाही. शिवाय यात नुसती भावना नाही. त्या डोंगराचा दगड काढणे आणि घडविणे हा तेथील लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तितानोच्या खाणींतून छिन्नी-हातोड्याचा आवाज येत असे.

आता राज्यव्यवस्था. राजा नाही, राष्ट्राध्यक्षही नाही. राष्ट्राचे प्रमुख दोन, त्यांना कॅप्टन रीजंट म्हणतात. दोघांचा अधिकार समान. एकाला दुसऱ्याचा निर्णय अडविता येतो. आणि मुदत किती? सहा महिने! १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या दोन दिवशी नवे दोघे अधिकारावर येतात, आणि उतरलेल्याला तीन वर्षे पुन्हा त्या जागी बसता येत नाही. ही पद्धत कागदोपत्री सन १२४३ पासून दिसते. मुदत संपल्यावरही सुटका नाही. पहिल्या काही दिवसांत कोणाही नागरिकाला उतरलेल्या रीजंटांच्या कारभाराविरुद्ध लेखी तक्रार करता येते आणि तिची चौकशी होते. आमच्या कामगार संघटनांत वीसवीस वर्षे एकच सरचिटणीस असतो, आणि हिशेब विचारला की तो रागावतो. (श्रोत्यांत आमचे काही सहकारी बसलेले दिसतात, त्यांनी हे इतरांविषयी आहे असे समजावे.)

कायदे करणारे मंडळ साठ सभासदांचे, पाच वर्षांसाठी निवडलेले. ते रीजंट निवडते आणि मंत्र्यांसारखे खातेप्रमुख नेमते. आणखी एक गोष्ट मोठी शहाणपणाची आहे. न्यायाधीश परंपरेने बाहेरचे, म्हणजे इटलीतून आणलेले असत. कारण उघड आहे. एवढ्याशा गावात जो तो कोणाचा ना कोणाचा मेव्हणा. फाशीची शिक्षा तेथे १८६५ सालीच पूर्णपणे रद्द झाली.

पण तेथे जुन्या काळापासून अखंड लोकशाही नांदत आली, असे प्रवाशांच्या पुस्तकांतून लिहिलेले असते त्यावर विश्वास ठेवू नये. प्रारंभी सर्व कुटुंबप्रमुखांची सभा भरत असे, तिला ‘आरेंगो’ म्हणतात. तिने अधिकार साठांच्या मंडळाला दिला, आणि त्या मंडळाने हळूहळू स्वतःलाच वारस नेमून घेतले. एखादा मेला की उरलेल्यांनी आपल्यातलाच, आपल्या घराण्याच्या सोयीचा, दुसरा भरावयाचा. नाव प्रजासत्ताक आणि कारभार मूठभर घराण्यांचा. अशी शतके गेली. हे मोडले ते १९०६ साली. पिएत्रो फ्रांचोसी नावाच्या समाजवादी प्राध्यापकाने आणि त्याच्या सोबत्यांनी चळवळ केली, आणि २५ मार्च १९०६ रोजी मुख्य देवळात कुटुंबप्रमुखांचा आरेंगो पुन्हा भरला. आठशेच्या आसपास माणसे जमली आणि त्यांनी प्रचंड बहुमताने ठरविले की, मंडळ निवडणुकीने बनावे. दगडफेक नाही, तलवार नाही. जुनाच, विसरलेला नियम हुडकून काढून त्याच्या जोरावर नवी गोष्ट करून घेतली. ज्यांनी आयुष्यात कधी स्थायी आदेशातील एखादे कलम मालकापुढे ठेवले असेल, त्यांना यातली गोडी समजेल.

एवढेसे राष्ट्र टिकले कसे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. थोडे डोंगरामुळे, थोडे शेजाऱ्यांच्या आपसांतील भांडणामुळे, आणि पुष्कळसे स्वतःच्या बेताने. १७३९ साली पोपचा प्रतिनिधी कार्डिनल आल्बेरोनी याने सैन्य आणून देश घेतला आणि लोकांना देवळात शपथ घ्यावयास लावले. काहींनी तेथल्या तेथे नकार दिला, तक्रार रोमला गेली, आणि ५ फेब्रुवारी १७४० रोजी स्वातंत्र्य परत मिळाले. १७९७ साली नेपोलियनने गणिती मोंज याला पाठवून आणखी मुलूख देऊ केला. त्यांनी आभार मानून तो नाकारला. राज्य वाढविण्याची शेवटची खेप १४६३ सालची. त्यानंतर हद्द जशीच्या तशी आहे. नेपोलियनकडून जमीन घेतलेल्यांचे पुढे काय झाले ते इतिहासात आहेच. १८६१ साली त्यांनी अब्राहम लिंकनला आपले नागरिकत्व बहाल केले, आणि यादवी युद्धाच्या तोंडावर उभ्या असलेल्या त्या माणसाने आभाराचे पत्र धाडले.

गॅरिबाल्डीचे मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. आपल्याकडील मागच्या पिढ्यांना मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे घरातल्या माणसांसारखी होती. मॅझिनीचे चरित्र सावरकरांनी मराठीत आणले ते १९०७ साली. त्या गॅरिबाल्डीचा सर्वांत वाईट दिवस सान मारिनोत गेला. १८४९ साली रोमचे प्रजासत्ताक पडले, तो उरलेली फौज घेऊन उत्तरेकडे निघाला, आणि जुलैच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याने चहूकडून कोंडल्यावर या डोंगरावर आला. माणसे उपाशी, पायांत जोडे नाहीत, पत्नी अनिता गरोदर आणि तापाने फणफणलेली. रीजंट बेल्झोप्पी याच्यापुढे मोठाच पेच. आश्रय द्यावा तर ऑस्ट्रिया आत घुसेल, न द्यावा तर नाव जाईल. त्यांनी जेवण दिले, जागा दिली, आणि ऑस्ट्रियाशी बोलणी लावली. गॅरिबाल्डीने तेथे आपली फौज मोडली, सैनिकांना घरी जाण्यास मोकळे केले, आणि रात्री थोड्या माणसांनिशी समुद्राकडे निसटला. अनिता चारच दिवसांत, ४ ऑगस्टला, रावेन्नाजवळ वारली. पुढे इटली एक झाली तेव्हा हे छोटे राष्ट्र गिळले गेले नाही. १८६२ साली इटलीशी मैत्रीचा तह झाला. त्या रात्रीचे उपकार लक्षात ठेवले गेले, असे तेथील लोक मानतात.

दुसऱ्या महायुद्धाचेही असेच. राष्ट्र तटस्थ होते. तरी २६ जून १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी बाँब टाकले, जर्मनांचा दारूगोळा तेथे आहे अशा समजुतीने, आणि साठांवर माणसे मेली. त्याच उन्हाळ्यात रिमिनीकडून लोंढे येऊ लागले. स्वतःची वस्ती पंधरा हजारांच्या घरातली, आणि आश्रयाला आलेले सुमारे एक लाख! रिमिनीहून डोंगरावर येणारी विजेची आगगाडी १९३२ साली सुरू झाली होती. तिच्या बोगद्यांत कुटुंबेच्या कुटुंबे राहिली. ती गाडी युद्धानंतर पुन्हा धावली नाही. एका बोगद्यातला काहीशे मीटरांचा तुकडा २०१२ साली दुरुस्त करून प्रवाशांना दाखविण्यापुरता ठेवला आहे.

आता खिडकीतून यावयाचे ते आत येत आहे.

१९२३ पासून वीस वर्षे तेथेही इटलीच्या पावलावर पाऊल टाकून फासिस्टांचे राज्य होते. ते १९४३ च्या जुलैत पडले, आणि त्याच साली तेथील कामगारांची संघटना उभी राहिली. १९४५ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट आणि समाजवादी यांची युती बहुमताने निवडून आली. पश्चिम युरोपात निवडणुकीच्या मार्गाने आलेले असे हे पहिले सरकार, आणि ते बारा वर्षे टिकले. पैसा कोठून आणावा हा त्यांचा रोजचा घोर. १९४९ साली त्यांनी जुगाराचा अड्डा काढला. कामगारांच्या सरकारने जुगार चालवावा हे आम्हाला पटत नाही. पण रिकामी तिजोरी पाहणाऱ्याची अडचणही आम्ही समजू शकतो. इटलीने लगेच सीमेवर पोलीस उभे केले. येणारीजाणारी वाहने तासन्‌तास अडवून ठेवावयाची, झडती घ्यावयाची. गोळी न झाडता गळा आवळला. अखेर अड्डा बंद करावा लागला, आणि १९५३ च्या करारात जुगार, नभोवाणी वगैरे काढणार नाही असे लिहून देऊन त्याबदली इटलीकडून वार्षिक रक्कम घ्यावी लागली. याच सरकारच्या हातून १९५५ च्या डिसेंबरात सर्व नागरिकांसाठी सामाजिक विम्याचा कायदा झाला : औषधपाणी, निवृत्तिवेतन, सर्व एका संस्थेकडून. तो कायदा सरकार गेल्यावरही राहिला.

सरकार गेले ते कसे, यासाठी आम्ही हा विषय घेतला असे म्हटले तरी चालेल.

१९५५ च्या निवडणुकीत डाव्यांचे साठांपैकी पस्तीस आले होते. हंगेरीत १९५६ साली रशियन रणगाडे शिरले, त्याचा धक्का येथवर पोचला, आणि १९५७ साली पाच समाजवादी सभासद फुटून निघाले. तीस विरुद्ध तीस. सप्टेंबरात नवे रीजंट निवडावयाचे, तेवढ्यात आणखी एक जण पलीकडे गेला. एकतीस विरुद्ध एकोणतीस. तेव्हा डाव्यांनी एक कागदांचा गठ्ठा बाहेर काढला. आपल्या पस्तीसही सभासदांकडून त्यांनी तारीख न घातलेले राजीनामे आधीच सही करून घेतले होते, फुटलेल्यांचेही त्यातच. पस्तीस राजीनामे म्हणजे निम्म्याहून अधिक मंडळ रिकामे; म्हणून रीजंटांनी मंडळ बरखास्त करून ३ नोव्हेंबरला निवडणूक जाहीर केली.

श्रोतेहो, तारीख नसलेला, सही केलेला राजीनामा म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. एका कारखान्यात, नावाचे कारण नाही, कामावर घेतानाच मजुराकडून असा कागद लिहून घेत. तो साहेबाच्या खणात पडून राही. सभासद झाला, पावती फाडली, की दुसऱ्या दिवशी खणातला कागद बाहेर आणि वर त्या दिवसाची तारीख. तीन बायकांचे आणि अकरा पुरुषांचे असे कागद आम्ही स्वतः कामगार न्यायालयात पाहिले आहेत. तेव्हा ज्या पक्षाने आयुष्यभर मालकांच्या या चालीविरुद्ध भांडावयाचे, त्यानेच ती आपल्या माणसांवर चालवावी, हे आम्ही डावे असूनही आम्हाला गिळवत नाही. फुटणारा चूक असेल, विकला गेलेलाही असेल. पण त्याची सही त्याची होती.

मात्र दुसऱ्या बाजूचे सोवळेही काही मोठे नव्हते. जुन्या रीजंटांची मुदत ३० सप्टेंबरच्या मध्यरात्री संपली, नवे निवडलेले नाहीत. त्याच रात्री त्या एकतीस जणांनी इटलीच्या हद्दीला अगदी लागून, रोव्हेरेता या ठिकाणी, विनावापर पडलेल्या एका कारखान्याच्या इमारतीत आपले निराळे हंगामी सरकार जाहीर केले. इटलीने ताबडतोब मान्यता दिली, अमेरिकेनेही दिली. पलीकडच्या बाजूला इटलीचे शस्त्रधारी पोलीस उभे, सीमा जवळजवळ बंद. डोंगरावर एक सरकार, कारखान्यात दुसरे. दोघांनी आपापली माणसे हत्यारे देऊन उभी केली. वस्ती सगळी नात्यागोत्याची, एका घरात एक भाऊ वर आणि एक भाऊ खाली. सुदैवाने रक्तपात झाला नाही. ऑक्टोबरच्या मध्यास डोंगरावरच्यांनी माघार घेतली आणि हंगामी सरकार राजवाड्यात गेले. ३ नोव्हेंबरची निवडणूक झालीच नाही. लोकांना विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, ते मग कोणालाच कळले नाही. आणि आमच्या मते खरा अन्याय हा आहे. त्याच वर्षी कामगारांची संघटनाही फुटून दुसरी निघाली.

यापुढचे मात्र ऐकण्यासारखे आहे. नव्या, ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांच्या राजवटीतच १९६१ साली कामगार संरक्षणाचा कायदा झाला. त्यामुळे एखाद्या धंद्यात सामुदायिक करार झाला की, तो त्या धंद्यातील सर्वांना लागू. संघटनेचा सभासद असो वा नसो. दोन्ही संघटनांनी पुढे एक संयुक्त मध्यवर्ती मंडळ केले आणि करारासाठी एकत्र बसू लागल्या. १९७८ ते १९८६ डावे पुन्हा सत्तेवर होते, आणि १९८६ साली तर कम्युनिस्ट आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी यांनी मिळूनच सरकार बनविले! रोव्हेरेताच्या कारखान्यात झोपलेल्यांनी आणि डोंगरावर पहारा केलेल्यांनी.

स्त्रियांविषयी बोलताना त्या जुन्या प्रजासत्ताकाची मान थोडी खाली जाते. त्यांनी प्रथम मत टाकले १९६४ साली; आपल्याकडे १९५२ सालीच आयाबाया रांगेत उभ्या होत्या. निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क १९७३ साली आला, आणि १९८१ साली मारिया लेआ पेदिनी ही पहिली स्त्री रीजंट झाली. परदेशी पुरुषाशी लग्न केले की बाईचे नागरिकत्व जाई. हा नियम काढावा काय यावर १९८२ साली सार्वमत घेतले, तर मतदारांनी तो ठेवला! नंतर कायद्याने बदलला. २०२१ च्या सप्टेंबरात गर्भपाताच्या हक्कावर सार्वमत झाले, त्यात मात्र सुमारे ७७ टक्के मते बाजूने पडली.

लोक पोट कशावर भरतात? एके काळी दगड, गहू, द्राक्षे आणि परदेशगमन यांवर. कितीतरी घरांतली माणसे फ्रान्सला, न्यूयॉर्कला, डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत गेली. १८७७ पासून टपालाची तिकिटे छापून जगभरच्या छांदिष्टांना विकण्याचा धंदा त्यांना चांगला साधला. नंतर प्रवासी आले. वर्षाला वीस लाखांच्या आसपास, बहुतेक एका दिवसाचे, रिमिनीच्या समुद्रावरून वर येऊन संध्याकाळी परतणारे. पण कारखाने आहेत ही गोष्ट प्रवाशाच्या नजरेस पडत नाही. मातीची व चिनी मातीची भांडी, रंग, लाकडी सामान, यंत्रे, औषधे असा माल तेथे होतो, आणि राष्ट्राच्या उत्पन्नात त्याचा वाटा पर्यटनापेक्षा भारी आहे. त्यातच बँका वाढल्या. इटलीतील कर चुकविणाऱ्यांना डोंगरावरची गुप्त तिजोरी सोयीची होती. २००९ साली इटलीने बाहेरचा पैसा घरी आणणाऱ्यांना सवलत दिली. ठेवी भराभर निघून गेल्या, बँका खचल्या, आणि इटलीने २०१० पासून २०१४ पर्यंत या राष्ट्राला काळ्या यादीत ठेवले. गुप्ततेचा कायदा मोडावा लागला. बँका सावरण्याचे ओझे अर्थातच सरकारी खजिन्यावर, म्हणजे ज्यांची तेथे कधी गुप्त ठेव नव्हती त्यांच्याही डोक्यावर पडले.

आता त्या कारखान्यांत काम कोण करते ते पाहू. रोज सकाळी हजारो माणसे इटलीतून हद्द ओलांडून येतात आणि पाळी संपली की परत जातात. यंत्रावर ती, बांधकामावर ती, रुग्णालयातही ती. करार त्यांना लागू आहे, कारण १९६१ च्या कायद्याने तो सर्वांना लागू आहे. पण मत नाही, आणि मंदी आली की पहिला धक्का कोणाला बसतो हे आम्ही सांगावयास नको. तेथे येऊन राहिले तरी नागरिक होण्यासाठी लागणारे वास्तव्य वर्षांत नव्हे, दशकांत मोजतात. वर आपले मूळ नागरिकत्व सोडावे लागत असे. भीती खोटी नाही : ३४,००० लोकांनी दरवाजा उघडला तर दहा वर्षांत आपणच आपल्या घरात पाहुणे होऊ, असे त्यांना वाटते. पण परगावाहून आलेल्या मजुराच्या नावाने चालणाऱ्या राष्ट्रात परगावच्या मजुराला हे स्थान असावे, हे त्यांच्याच संघटनांतील लोकांना बोचते.

राष्ट्रसंघात हे राष्ट्र १९९२ साली गेले. नाणे युरो आहे, पण युरोपीय संघाचे सभासदत्व नाही. २०२३ च्या डिसेंबरात आंदोरा आणि सान मारिनो या दोघांच्या युरोपीय संघाशी सहयोगाच्या वाटाघाटी पूर्ण झाल्या. माल, पैसा, सेवा आणि माणसे यांची ये-जा मोकळी करण्याचा तो करार आहे. माल आणि पैसा यांच्याबद्दल व्यापारी मंडळी उत्सुक आहेत. माणसांच्या कलमावर मात्र या दोन्ही छोट्या राष्ट्रांनी आपल्या लहानपणाचे कारण देऊन मर्यादा मागून घेतल्या आहेत.

आणखी एक प्रथा सांगून थांबतो, म्हणजे प्रश्नांना वेळ राहील. नवे रीजंट आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे वर्षातून दोनदा, नागरिकांनी राजवाड्यात जाऊन लेखी अर्ज द्यावयाचे असतात. जुन्या आरेंगोची ही उरलेली खूण. रस्त्याचा दिवा असो वा राज्याचा कायदा असो, सार्वजनिक हिताचा कोणताही विषय चालतो. दाखल करून घेतलेल्या अर्जाचा साठांच्या मंडळाने सहा महिन्यांच्या आत निकाल लावलाच पाहिजे.